अण्णांना गूळ कुणी भरवला?

ही गोष्ट रात्रीची नाही. रचून सांगायची असती तर रात्रीची केली असती, आणि त्यात स्वतःलाही जरा बरा माणूस करून घेतलं असतं.

२००२ साल. संकष्टीची दुपार. लेण्याद्रीच्या रस्त्यावरचा वृद्धाश्रम. सरकारी परवान्याची पाटी दारातच होती. माझ्या वडिलांना, अण्णांना, मी नुकतंच तिथे आणून ठेवलं होतं.

अण्णांचं बरं नसल्याचा निरोप आला तसा आमच्या बोरी गावाहून मोटरसायकलवर पोचलो.

अण्णा बेशुद्ध होते. घामाने चिंब. हातपाय गार.

तिथली सेविका कल्याणी म्हणाली, "डॉक्टर निघालेत जुन्नरहून. पण दादा, मला काय खरं दिसत न्हाई."

खोलीतल्या बाकीच्यांना तिने आधीच पलीकडे नेलं होतं. आम्ही दोघांनी अण्णांना कॉटवरून भुईवर घेतलं. जाणाऱ्या माणसाला घेतात तसं. तोंडात तुळशीचं पान ठेवलं.

नाडी कुणीच बघितली नाही.

मी समोरच्या एसटीडी बूथवर गेलो. "संध्याकाळी मातीला या," असं साऱ्या भावकीला कळवलं. सरणाची लाकडंसुद्धा सांगून टाकली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

परत आलो, तर कल्याणी ओट्यावर बसलेली. एकटीला आत भीती वाटली म्हणे. खोलीचं दार लोटलेलं.

आतून आवाज येत होता...

ठक... ठक... ठक...

गूळ फोडल्यासारखा.

"आत कोण आहे?"

"कोण न्हाई. मी हितंच बसलीये की."

आवाज थांबला...

मी दार ढकललं.

अण्णा एकटेच होते. डोळे उघडे. तुळशीचं पान बाजूला काढून ठेवलेलं. ओठ चिकट, हिरड्यांना गूळ चोळलेला.

त्या खोलीत सगळे शुगरवाले. तिथे गूळ आणायलाच बंदी होती.

डॉक्टर आले. "उपास धरून शुगरची गोळी घेतलीये यांनी. शुगर पार उतरली होती. गुळानं वाचले."

"अण्णा, गूळ कुणी दिला?"

"ती म्हातारी नाय का... दोन बोटं नसलेली."

कल्याणी घाबरून तिची हकिकत सांगू लागली.

द्रौपदाबाई. कडबाकुट्टीच्या यंत्रात दोन बोटं गेलेली. मागल्या वर्षी ती याच खोलीत वारली. तिलाही शुगर. तिचाही उपास होता. तिलाही असंच घाईने भुईवर घेतलं होतं.

अण्णांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं.

संध्याकाळी भावकीची जीप आली. एकाच्या हातात हार. अण्णा कॉटवर बसून चहा पीत होते. चुलत्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं. धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला.

सगळे गेल्यावर म्हणालो, "अण्णा, घरी चला."

"नगं जयवंता." त्यांनी पांघरूण ओढून घेतलं. "ती म्हणली, पोरगं तुमच्या मातीचा सांगावा द्यायला गेलंय, तवर गूळ खावा. हितं कोणतरी बघतंय माज्याकडं."

अण्णा शेवटपर्यंत तिथेच राहिले. मी दर चतुर्थीला जायचो. त्यांच्या उशाशी गुळाचा खडा असायचा. कुणी ठेवला, हे विचारायला मला तोंड नव्हतं.

आजही घरात कुणी गूळ फोडायला घेतला की मी उठून बाहेर जातो. त्या बाईची भीती वाटते की स्वतःची लाज, ते मला अजून कळलेलं नाही.