निर्जन बेटावरचा मंचरकर

ओल्या गवतावरून पाय घसरला आणि तेजस्विनीच्या तोंडून आपसूक निघालं, “आई गं...”

“लागलं का?”

मागून चक्क मराठी आली. स्कॉटलंडच्या त्या चिमुकल्या बेटावर माणसाची वस्ती नव्हती, झाडसुद्धा नव्हतं. खडकांवर सील, उतारावर गुलाबी रानफुलं आणि जमिनीत बिळं करून राहणारे, नारिंगी चोचीचे हजारो पफिन पक्षी. ती बिळं मोजायला पिंपळवंडीची ही पोरगी इथं आली होती. ती वळली, तर भुरभुर पावसात उभा होता दीपगृह दुरुस्त करायला आलेला इंजिनिअर.

“मी रविंद्र. मंचरचा.”

“मंचरचा... इथं?”

“कांद्याच्या ट्रकमधून पडलो,” तो गंभीरपणे म्हणाला. गुडघा चोळता चोळता ती हसत सुटली.

बोट यायला चार दिवस होते. रोज चहाच्या वेळी तो यायचा, आपलं जाकीट तिच्या वहीवर धरायचा आणि स्वतः भिजायचा.

“मोजून काय होतं?”

“हे पक्षी टिकलेत की संपत चाललेत, ते जगात सगळ्यात आधी मला कळतं,” ती मान ताठ करून म्हणाली.

तो पक्ष्यांकडे नाही, आपल्याकडे बघतोय... तिच्या ध्यानात आलं आणि आकडा चुकला.

दिवाळीत रविंद्र आईवडिलांना घेऊन पिंपळवंडीला मागणी घालायला आला. तेजस्विनीचे वडील चांगदेव खूश झाले. “पोरगं झ्याक हाय. पण लगीन झाल्यावर ते बेटबिट बंद. लई लांब पडतं.”

ती बोलणार, तोच रविंद्र उठला.

“काका, बेट बंद होणार असेल तर मी मागणी माघारी घेतो. हे काम करणारी माणसं मोजकी आहेत. त्यातली एक पिंपळवंडीची आहे.”

तिची आई द्रौपदाबाई नवऱ्याला म्हणाली, “पावण्याला आपल्या लेकीची किंमत कळली. तुमाला न्हाई.”

चांगदेव लेकीकडे बघत राहिले. जरा ताठ बसले. “किती बिळं मोजली म्हनायची?”

“अकरा हजार चारशे,” ती म्हणाली.

“अकरा हजार...” त्यांनी व्याह्यांकडे वळून सांगितलं, “एकटीनं मोजली.”

पाहुणे ओसरीवर चहाला बसले तशी ती अंगणात त्याच्यापाशी आली.

“खरंच माघारी गेला असतास?”

“हो. आणि जूनमध्ये बेटावर येऊन तुलाच विचारलं असतं.”

“जूनपर्यंत कशाला थांबतोस...” ती म्हणाली. “आत्ता विचार.”

त्याने विचारलं. सगळ्यांच्या देखत तिने त्याचा हात हातात घेतला.