आतून की बाहेरून?

स्टोअररूमचं दार करकरत उघडलं. कागदाच्या खोक्यांवर लॅपटॉप ठेवून बसलेल्या तिने मान वर न करताच फर्मावलं, "दार लावा!"

"आतून… की बाहेरून?"

आता मात्र तिने वर पाहिलं. दारात एक उंच तरुण. हातात मापाची टेप, कानामागे पेन्सिल आणि डोळ्यांत नको तेवढं हसू.

"बाहेरून!"

दार लागलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. प्रोग्राममधल्या एका चुकीचा माग ती सकाळपासून काढत होती. तो धागा तुटला तो तुटलाच. तिचं डोकं सणकलं. ऑफिसात तिला सगळे 'शिट्टी' म्हणत, ते कुकरवरून. ती तरातरा बाहेर आली, तर हा दाराशेजारीच माप घेत उभा!

"काय मोजताय?"

"ही खोली. साहेबांना इथे कॉफी काउंटर हवाय. मी इंटिरियर डिझायनर. मागच्या वर्षी हा मजला मीच तर मोकळा केला." त्याने अभिमानाने हात फिरवला. अख्ख्या मजल्यावर एक भिंत नव्हती, नुसती लांबच लांब टेबलं.

"म्हणजे माझी खोली पाडणारे ते तुम्ही!"

"अहो, भिंती गेल्या की माणसं एकमेकांशी बोलतात—"

"बोलतात ना! माझ्याशीच बोलतात! 'एक मिनिट हं' म्हणत येतात आणि अर्धा तास खातात. प्रोग्राम लिहिताना दहा गोष्टी एकदम डोक्यात धराव्या लागतात. विणताना कुणी हाक मारली की टाके चुकतात, तसं होतं माझं. सहा वर्षं जीव ओतलाय मी या कामात. ही अडगळीची खोलीही गेली, तर शुक्रवारी राजीनामा. पत्र तयार आहे."

त्याचं हसू मावळलं. "मला… हे कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही विचारलंत?"

त्याने कानामागची पेन्सिल काढून पुन्हा खोचली. तिने फर्मान सोडलं. "उद्या दिवसभर बाहेर माझ्या जागेवर बसा, आणि तुमच्या त्या काउंटरचा नकाशा काढून दाखवा!"

घरी जेवताना तिने ताईपुढे टेपवाल्याचा यथेच्छ उद्धार केला. भाजी वाढताना केला, भांडी विसळताना केला.

"दिसतो कसा गं?" ताईने विचारलं.

"उंच आहे. कानामागे पेन्सिल खोचतो. का?"

"काही नाही. मी कुणावर चिडले की मला त्याची पेन्सिल आठवत नाही."

भावोजींना ठसका लागला. ती त्यांच्यावरही चिडली.

दुसऱ्या दिवशी तो खरंच तिच्या जागेवर बसला. स्टोअररूमच्या दाराच्या फटीतून ती मधूनमधून बघत होती… फक्त खात्री करायला. कुणी त्याच्या टेबलाच्या कडेवर बसून क्रिकेटबद्दल बोललं. पाठीमागे कुणाचा तरी वाढदिवस टाळ्यांसकट साजरा झाला. शेजारचा फोनवर घरमालकाशी तावातावाने भांडला. आणि "एक मिनिट हं" तर सगळेच म्हणाले.

संध्याकाळी ती त्याच्या खांद्यावरून वाकली. त्याच्या शर्टाला लाकडाच्या भुशाचा वास होता. तो तिला आवडला, आणि त्याचाही तिला राग आला.

"काउंटर चारही बाजूंनी बंद आहे," ती म्हणाली. "कॉफी करणारा आत शिरणार कुठून?"

त्याने नकाशा पाहिला. कानापर्यंत लाल झाला. "आठ वर्षांत… आठ वर्षांत अशी चूक केली नाही मी!" त्याने पेन्सिल आपटली. "एक रेघ ओढू देत नाहीत लोक!"

ती इतकी हसली, की खुर्चीला धरून उभं राहावं लागलं.

"हसा," तो म्हणाला. "पण असं रोज हसत जा की! नुसत्या ओरडता."

"ओरडायला लावलंत तुम्ही."

"हो. चूक माझी आहे." हे तो इतक्या साधेपणाने म्हणाला, की तिला पुढे भांडता येईना.

शुक्रवारी भिंती नसल्याचा पहिल्यांदाच उपयोग झाला. त्याचं साहेबांशी चाललेलं भांडण सगळ्या मजल्याने ऐकलं.

"साहेब, हा मोकळा मजला पाहुण्यांना दाखवायला छान आहे, काम करायला नाही! मला बंद खोल्या बांधू द्या. नाहीतर दुसरा डिझायनर शोधा."

ती उठली. पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवत म्हणाली, "आणि दुसरी प्रोग्रामरही."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "करा काय करायचं ते!" ते ओरडले, आणि पत्र न उघडताच तिच्याकडे सरकवलं.

खोल्या झाल्या. लहानशा, आवाज शोषणाऱ्या कापड मढवलेल्या भिंतींच्या, प्रत्येकीला एक खिडकी आणि जड दार. गप्पांसाठी कॉफी काउंटर पार त्या टोकाला, आत शिरायच्या वाटेसकट. पहिल्याच दिवशी प्रोग्राममधली ती जुनी चूक तिला दुपारपर्यंत सापडली. पण हे सांगायचं कुणाला? सुतारांनी काम संपवल्यापासून टेपवाला गायब होता. तीन आठवडे!

मग एका दुपारी दार हलकेच उघडलं.

"हँडल तपासायला आलो होतो…"

"तीन आठवडे! एक फोन नाही करता आला?"

"तुमच्या कामात व्यत्यय नको म्हणून—"

"व्यत्यय?" शिट्टी वाजलीच. "तीन आठवडे दर मिनिटाला दाराकडे बघतेय मी! एवढी शांत खोली, आणि एक ओळ धड लिहून होत नाही. आवडता तुम्ही मला, कळत नाही का?"

तिच्यामागे खिडकीवर पाऊस टपटपत होता. त्याच्या हातातली टेप सटकन आत गेली.

"मी रोज या इमारतीखाली येऊन परत जात होतो," तो म्हणाला. "तुमचा धागा तुटेल या भीतीने."

मग तिने लॅपटॉप मिटला.

"दार लाव."

'लावा'चं 'लाव' झालेलं त्याने बरोबर ऐकलं. डोळ्यांत ते नको तेवढं हसू परत आलं.

"आतून… की बाहेरून?"

"आतून, टेपवाल्या!"