विसाव्या वर्षी जन्मलेल्या मुली

कुठल्याच गावात मुली एकदम वीस वर्षांच्या होऊन जन्माला येत नाहीत. हरियाणातल्या खेडी जसवंतमध्ये मात्र आल्या होत्या.

जनगणनेचे तक्ते तपासताना गणना अधिकारी नीरजा अहलावतचं बोट तिथंच अडलं. वीस वर्षांपूर्वी या गावात सहा वर्षांखालच्या मुली होत्या एकतीस. आज त्याच पिढीतल्या, बिनलग्नाच्या, 'घरची लेक' म्हणून नोंदवलेल्या तरुणी होत्या बावन्न.

पेरल्या एकतीस, उगवल्या बावन्न!

तिकडे आसामातून एका बापाचा रोज पोलिसांना फोन यायचा. त्याची रूमी कामाच्या आमिषानं इकडे आली ती नाहीशीच झाली. त्याच्याकडे फोटो होता तोही ती आठ वर्षांची असतानाचा.

"दोनदा येऊन गेले मी," गावात शिरताना फौजदार बिमला नीरजाला म्हणाली. "सगळं गाव सांगतं, या आमच्याच लेकी. आज रिकाम्या हातानं गेलो, तर उद्या पोरगी इथं नसेल."

सरपंच रणबीर चौधरीच्या अंगणात त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. दाराबाहेर गल्लीभर माणसं हाताची घडी घालून उभी होती.

"बाई, तुम्हाला लेकरंबाळं नाहीत का?" सरपंचाची बायको फुलवती फणकारली. "लोकांच्या पोरी मोजत हिंडता!"

"आहे ना," नीरजा म्हणाली. "पाच महिन्यांची. जीपमध्ये माझ्या आईपाशी ठेवलीय. अंगावर पिते अजून."

अंगणाच्या कोपऱ्यात दोन मुली गोवऱ्या थापत होत्या.

"या कोण?"

"माझ्याच. थोरली सुमन, धाकटी कोमल."

"कोमल, कितवीपर्यंत शिकलीस?"

"ती बोलत नाही," फुलवतीनंच उत्तर दिलं. "लाजाळू आहे."

आत तान्हं मूल रडलं. कोमलचे हात शेणातच थबकले.

"हे कुणाचं?"

"नातू माझा. सून माहेरी गेलीय."

"कधी?"

"झाले की आठ दिवस."

एवढ्यात दाराशी कुणीतरी मोठ्यानं खोकलं आणि सरपंच आत आला. सुमननं मान वर केली. "बापू, ही मंडळी कधी जायची?" कोमलनं शेणाच्या हातानंच ओढणी ओढून तोंड झाकलं.

"झालं मोजून?" सरपंच खाटेवर बसला. "वेशीवरची पाटी वाचली असेलच. 'लेकींचं गाव'. बक्षीस मिळतंय आम्हाला. तुमची पोटदुखी कळते, पण आता निघा."

बिमला उठली. नीरजा उठली नाही.

"चौधरीसाहेब, आत येताना खोकलात का?"

"हे काय विचारणं झालं? घरात सुना असतात. सासरा येतोय, हे कळायला नको?"

"पण सून तर माहेरी गेलीय ना?"



"सवय असते माणसाला," सरपंच गुरकावला.

"हिलाही आहे. बापाच्या गावात लेक तोंड झाकत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. सुमननं नाही झाकलं. कोमलनं झाकलं. ती तुमची लेक नाही, सून आहे. आणि फुलवतीबाई, दूधपितं लेकरू टाकून कुठली आई आठ दिवस माहेरी राहते? मला दोन तास जमलं नाही."

"पुरावा काय?"

"तुमचेच आकडे. पोटातच मुली मारल्यात, मग पोरांना बायका मिळेनात. त्या विकत आणल्या. सून लिहिली, की माहेर कुठलं हा प्रश्न आला. लेकीला कोण विचारतंय माहेर? म्हणून सगळ्यांना लेकी लिहायला लावलंत. वर बक्षीसही हातचं! फक्त वीस वर्षांपूर्वीची गणना कुणी काढून बघेल, हे ध्यानात आलं नाही."

"आणल्या असतील लोकांनी! माझा काय संबंध?"

नीरजानं बिमलाकडे पाहिलं. फुलवती दारात आडवी आली. "नातवाला हात लावाल तर बघा!" बिमलानं तिला बाजूला सारलं, मूल उचलून आणलं आणि कोमलच्या मांडीवर दिलं. मूल गप्प झालं.

"आता बोल, पोरी," नीरजा म्हणाली. "तो तुझ्यापाशी आहे. कुणी हिसकावणार नाही."

"रूमी," ओढणीआडून आवाज आला. "माझं नाव रूमी. सगळ्यांना यानंच आणलं. गाडी याची. दर यानंच ठरवला."

सरपंच जागचा उठला आणि जोरानं खोकला.

रूमीचा हात सवयीनं ओढणीकडे गेला. तिनं ती धरली, मागे सारली आणि उघड्या तोंडानं त्याच्याकडे बघत बाळाला छातीशी घेतलं.