उशिरा पिकअप घेणारी गाडी

फेलिशियाचं पत्र गणपतीत आलं होतं. डिसेंबर उजाडला तरी हरिहरनं उत्तर दिलं नव्हतं... म्हणजे लिहिलं होतं, पुन्हा पुन्हा लिहिलं होतं; पेटीत टाकलं नव्हतं.

दहा वर्षांपूर्वी, चौऱ्याऐंशीत, ठाकुर्लीच्या रद्दीच्या दुकानात दोघांचे हात एकाच परदेशी मासिकावर पडले होते. मुखपृष्ठावर स्वीडनची टर्बो व्हॉल्वो – चौकोनी, खोक्यासारखी.

"तुम्हाला गाडी चालवता येते?" तिनं विचारलं.

"नाही. वाचता येते."

ती इतकी हसली, की रद्दीवाल्या रामानं तराजू खाली ठेवला.

मग दर रविवारी, चर्च सुटलं की तलावपाळीच्या कठड्यावर ते मासिक उघडायचं. तिच्या केसांतल्या अबोलीकडे न बघता हरिहर वाचून दाखवायचा.

"टर्बो म्हणजे काय रे?"

"इंजिनातून वाया जाणारा धूर एक पंखा फिरवतो, तो जास्त हवा कोंबतो. पण पाय दाबला की लगेच नाही. आधी क्षणभर काहीच होत नाही... मग एकदम पळते."

"अगदी तुझ्यासारखी," ती म्हणाली. "फक्त तू अजून पळाला नाहीस."

हरिहरचे कान तापले. "हिला... मागची चाकं ढकलतात," तो म्हणाला.

पुढे ती नर्स म्हणून स्वीडनला गेली. गणपतीतल्या त्या पत्रात लिहिलं होतं – 'इथे दोन्ही चालवल्या. जुनं खोकं मागून ढकलतं, वळणावर जरा घसरतं, हसवतं. नवी व्हॉल्वो, आठशेपन्नास, पुढून ओढते. पाय टेकवला की निघालीच, वाट बघायला लावत नाही. तुला कोणती आवडेल? लवकर सांग. नाताळनंतर ठरवायचंय, इथेच राहायचं की घरी यायचं.'

आयुष्यात स्टिअरिंगला हात न लावलेल्या माणसानं काय मत द्यावं? हरिहर पानंच्या पानं लिहायचा आणि फाडायचा.

एके सकाळी वर्तकनगरच्या नाक्यावर तिच्या भावानं, गिल्बर्टनं, स्कूटर थांबवली. "काय रे, फेली फोनवर विचारते, जिवंत आहे का तो?"

"लिहितोय ना. जुन्या गाडीचं नक्की वजन सापडत नाहीये..."

"वजन? अरे बाबा, ती गाडीबद्दल विचारतेय का?"

स्कूटर गेली. हरिहर तिथेच उभा राहिला... क्षणभर काहीच झालं नाही. मग तो जवळजवळ धावतच पोस्टात गेला, परदेशी पाठवायचं पत्र घेतलं आणि तिथल्याच दोरी बांधलेल्या पेनानं लिहिलं –

'फेलिशिया, नवी गाडी जास्त चांगली आहे. मला मात्र जुनी आवडते. उशिरा का होईना, ती निघते. मी निघालोय. तू घरी ये. मला तुझ्याशी लग्न करायचंय.'

पुन्हा न वाचता त्यानं ते चिकटवलं आणि लाल पेटीत सोडलं. आत टप्प असा आवाज झाला.