आठ बाजूंनी आलेलं हसू

नलूआत्या शिर्के रिकाम्या खुर्चीशी का बोलल्या, हे कोडं मेळावा संपला तरी कोणाला सुटलं नव्हतं.

साल होतं २०६१. सप्तपर्णी वसाहतीचा वार्षिक मेळावा भरला होता. नलूआत्यांना जन्मापासून दिसत नाही. पण आयुष्यभर वकिली केलेली बाई. समोरच्याला बोलता बोलता निरुत्तर करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांना सगळं नीट ऐकू यावं म्हणून सहावीतल्या शाल्मलीने डोकं लढवलं होतं. प्रत्येक खुर्चीला एक चिमुकला माइक आणि सभागृहाच्या आठ खांबांवर आठ स्पीकर. कोणी कुठूनही बोलो, आवाज आठही खांबांवरून खणखणीत यायचा. आत्यांना विचारायला मात्र ती गेली नव्हती. चांगलं काम करताना विचारायचं कशाला, असं बऱ्याच शहाण्यांना वाटतं, तसं तिलाही वाटलं.

मग सचिव पोतनीसांनी आत्यांना पाण्याच्या टाकीबद्दल काही विचारलं. आत्या उठल्या आणि पोतनीसांकडे पाठ करून, खांबाखालच्या रिकाम्या खुर्चीला ठणकावून उत्तर देऊ लागल्या. शाल्मलीला फिस्सकन हसू आलं. ते माइकने टिपलं आणि आठही खांब हसले.

आत्या मध्येच थांबल्या. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांनी घडीची काठी उघडली आणि त्या न जेवताच निघाल्या. दाराशी एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझी खुर्ची मांडू नका."

माणसं पांगल्यावर सभागृहाची देखभाल करणारा यंत्रमानव गुणाजी शाल्मलीजवळ आला.

"शाल्मली, हसण्यासारखं काय झालं ते मला कळलं नाही."

शाल्मलीचे कान तापले. "त्या चुकीच्या बाजूला बघून बोलत होत्या."

"त्या चुकल्या की आपली यंत्रणा, ते तपासू. त्यांच्या जागेवर उभी राहा आणि डोळे मीट."

माइक बंद करून गुणाजी वेगवेगळ्या ठिकाणांहून बोलला. शाल्मलीने दर वेळी बरोबर त्याच्याकडे बोट दाखवलं.

"कसं कळलं तुला? मी डावीकडून बोललो, की आवाज डाव्या कानात आधी पोचतो, उजव्यात किंचित उशिरा. हा कालभेद (दोन वेळांमधला फरक) सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. शिवाय मध्ये तुझं डोकं आडवं येतं, म्हणून उजव्या कानाला आवाज थोडा मंद ऐकू येतो. ही झाली ध्वनिछाया (आवाजाची सावली). या दोन्हींवरून मेंदू दिशा ओळखतो. आता माइक लावतो."

गुणाजीचा आवाज आला. शाल्मलीने बोट दाखवलं आणि डोळे उघडले. बोटासमोर खांब होता आणि खांबाखाली तीच रिकामी खुर्ची. गुणाजी तिच्या पाठीमागे उभा होता.

"सर्वांत जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो," तो म्हणाला. "मेंदूला वाटतं, माणूस तिथेच आहे. ज्यांना दिसतं ते डोळ्यांनी ही चूक सुधारून घेतात."

शाल्मलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत्या चुकल्या नव्हत्या. त्यांना चुकवलं होतं तिने, आणि वर हसलीही तीच होती.

"गुणाजी, माझं हसू त्यांना कुठून ऐकू आलं असेल?"

"आठही बाजूंनी."

"म्हणजे सगळी वसाहत हसली, असं वाटलं असेल त्यांना?"

"ते मी कसं सांगू? त्यांनाच विचारावं लागेल."

आत्यांच्या दाराशी पोचेपर्यंत शाल्मलीला दोनदा परत फिरावंसं वाटलं. दार उघडलं तेव्हा ती एका दमात म्हणाली, "मी शाल्मली. आत्या, मघाशी सगळे हसले नव्हते. मी एकटी हसले. बाकीचे माझे स्पीकर होते. त्यांच्यामुळेच तुम्हाला पोतनीस समोर वाटले, ते होते तुमच्या मागे."

आत्यांनी दार पूर्ण उघडलं.

"एकटीच?"

"हो."

"आणि बाकीचे?"

"खाली बघत होते."

"म्हणजे हसले नाहीत, पण पोतनीस तुमच्या मागे आहेत, असंही कोणी म्हणालं नाही." आत्या म्हणाल्या. "मी इथवर येताना एकेका शेजाऱ्याचं नाव घेत होते, बाळा. हाही हसला असेल का, तीही हसली असेल का."

शाल्मलीला रडू आवरेना. "मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं."

"मग आता विचार."

तिने विचारलं. आत्यांनी सांगितलं ते सोपं होतं. खांबांवरचे स्पीकर काढायचे. जो बोलेल त्याच्याच खुर्चीतून त्याचा आवाज यावा, आणि बोलण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव सांगावं.

"आणि हसू आलं तर खुशाल हस," आत्या म्हणाल्या. "पण स्वतःच्या जागेवरून. म्हणजे मला वळून उत्तर देता येईल."

पुढच्या मेळाव्याला आत्यांची खुर्ची मांडली होती. शेजारच्या वसाहतीतले, ज्यांना दिसत नाही असे आणखी दोघेजण ही नवी सोय ऐकून आले होते. पोतनीसांनी आधी नाव सांगितलं, मग विषय. सगळ्यांत शेवटी शाल्मली उठली. "मी शाल्मली," ती म्हणाली.

आत्यांचा चेहरा बरोबर तिच्याकडे वळला.