काचेआडचा आकडा

कपाट बंद होतं. कुलूप जागेवर होतं. चौगुले सरांनी चार आकडे जुळवून ते काढलं, मुबशिराची निळी फाईल उघडली आणि तसेच उभे राहिले. फाईलमध्ये पासपोर्ट नव्हता.

"मुबशिरा, पासपोर्ट घरी राहिला का गं?"

"नाही सर. दहा वाजता जपून ठेवायला तुमच्याच हातात दिला की."

आता अकरा वाजले होते. पाच वाजता मुबशिराची मुंबईची बस होती आणि उद्या सकाळी नऊ वाजता व्हिसाची मुलाखत. परदेशातल्या एका हॉस्पिटलनं तिला नर्सची नोकरी दिली होती. मुलाखत चुकली तर जागा दुसरीला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

ती रडली नाही. बाकावर बसली आणि पेनचं टोपण काढत, लावत राहिली. बघणाऱ्याला वाटावं, दुसऱ्याच कुणाचा तरी पासपोर्ट गेलाय.

तवनाप्पा चौगुले सरांचा इंग्रजी संभाषणाचा हा क्लास शाहूपुरीत, एका मोटार पार्टच्या दुकानाच्या वर. एक हॉल, मागे दाराजवळ काचेची केबिन, केबिनबाहेर एक बाक. बुधवारच्या बॅचला अकरा विद्यार्थी. त्यातली एक हवालदार चंदना मगदूम. तिची विमानतळावर बदली होणार होती, म्हणून साहेबांनी तिला इथं धाडलं होतं. आज विनंतीची वाक्यं होती. 'कुड यू ओपन युवर बॅग, प्लीज?' हे वाक्य चंदनानं ऋतुराजबरोबर दहा वेळा घोकलं होतं. ती घोकत असताना तिच्या पाठीमागं दहा पावलांवर चोरी झाली. पोलिसांच्या नाकाखाली म्हणतात ते असं.

तिनं आधी हॉलचं दार लावून घेतलं.

"सर, कुलपाचा आकडा कुणाला ठाऊक हाय?"

"मला आणि पूर्णिमाला. आज सकाळीच बदलला. फाईल ठेवली आणि केबिनमध्येच तिला सांगितला."

"दार उघडं होतं?"

"बंद होतं. एसी चालू होता ना. आत बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, हे तुला माहीत आहे."

"इंग्रजीत सांगितला?"

सर ओशाळले. क्लासमध्ये मराठी शब्द निघाला की डोळे वटारणारा हा माणूस. "आकडे मराठीतच येतात गं तोंडात. सात, चार, शून्य, नऊ."

"कुठं लिहून ठेवला?"

"नाही."

पूर्णिमा क्लासचं ऑफिस सांभाळायची. तिचा चेहरा आधीच उतरला होता, कारण हिशेब सोपा होता. दोघांना आकडा ठाऊक. सर दहापासून फळ्यापाशी. उरली कोण?

"तू केबिनमधून कधी हललीस?"

"साडेधाला. झेरॉक्स आणाय खाली गेलते. धा मिनिटं लागली."

"दाराला कडी घातलीस?"

"न्हाय घातली. कपाटाला कुलूप हाय की, म्हटलं." तिचा आवाज फाटला. "ताई, आईची शपथ. माझी नोकरी जाईल वो. म्या न्हाय घेतला."

चंदनानं मान हलवली. त्या हलवण्यातून व्हय की न्हाय काहीच कळत नव्हतं.

मग सगळ्यांच्या सॅक पाहिल्या. डबे उघडले, वह्या झटकल्या. ऋतुराजची सॅक चंदनानं दोनदा पाहिली. त्याच हॉस्पिटलच्या नर्सिंगच्या जागेसाठी त्यानंही मुलाखत दिली होती आणि तो उडाला होता.

"मधे उठून गेलतास तू," चंदना म्हणाली.

"पाणी प्यायला. पिंप केबिनशेजारीच हाय."

"आत डोकावलास?"

"कशाला डोकावू? मला न्हाय मिळाली म्हणून तिची घालवू व्हय? एवढा पडेल न्हाय मी."

"आत कोण दिसलं?"

"मी पाणी प्यालो आणि आलो. बाकावर मुबशिराची आई होती. त्यांनाच विचारा की, त्या दारातच बसल्यात."

खरंच होतं. लालबी दर बुधवारी कबनूर गावाहून लेकीबरोबर यायच्या आणि दोन तास त्या बाकावर बसून राहायच्या. पायाशी कापडी पिशवी, हात मांडीवर. पूर्णिमानं कधीतरी चंदनाला सांगितलं होतं, यांचा थोरला मुलगा उजैर आखातात कामाला गेला आणि दोन वर्षांपूर्वी पेटीतून परत आला. तेव्हापासून बाई अशाच बसतात. त्यांचं दुखणं संपलं होतं असं नव्हे. ते कुठं आहे तेच त्यांना कळेनासं झालं होतं.

चंदना शेजारी बसली आणि डायरी काढली.

"चाची, काम काय करता?" तिनं लिहिता लिहिता विचारलं.

उत्तर नाही. चंदनानं मान वर करून पुन्हा विचारलं.

"कापडाच्या मागावर असते. तीस वर्सं झाली."

"पूर्णिमा खाली गेल्यावर केबिनमध्ये कोण गेलं?" पुन्हा डायरीत बघत. पुन्हा गप्प. पुन्हा मान वर.

लालबींची नजर चंदनाच्या डोळ्यांवर नव्हती, जरा खाली होती. "दुसरं कोन गेलं न्हाय," त्या म्हणाल्या.

म्हणजे पूर्णिमाच. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पूर्णिमा भिंतीला टेकून खाली बसली. चंदनाला तिची कीव आली आणि स्वतःचा रागही आला, कारण पुरावा तिकडंच बोट दाखवत होता आणि तिचं मन मानत नव्हतं. ज्या चोराला आकडा ठाऊक असल्याचं जगाला ठाऊक आहे, तो चोर कुलूप फोडल्याचं सोंग तरी करेल. इथं कुलूप नीट लावून ठेवलं होतं.

"सगळ्यांच्या वह्या द्या," ती म्हणाली. "कुणी आकडा टिपलाय का बघू."

आकडा कुठंच नव्हता. होता तो मागच्या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या माणसाला काय काय करता येतं ते 'कॅन' घालून लिहा, आणि खरं तेच लिहा, असा सरांचा हट्ट. ऋतुराजचे वडील गुळाच्या दोन ढेपा एकदम उचलू शकत होते. चंदनाचे सासरे झोपेत कन्नड बोलू शकत होते. मुबशिराच्या वहीत चार वाक्यं होती. तिसऱ्यावर लाल शाईची रेघ होती.

'माय मदर कॅन हिअर विथ हर आईज.' सरांनी 'आईज' खोडून वर 'इअर्स' लिहिलं होतं आणि शेजारी शेरा मारला होता, नीट विचार करून लिही.

चंदनानं ते वाक्य तीनदा वाचलं. मग केबिनकडं पाहिलं, बाकाकडं पाहिलं. हे उत्तर तिला नको होतं.

घड्याळात साडेबारा झाले होते.

"सर, जरा आत या."

तिनं केबिनचं दार लावलं, एसी चालू केला. सरांना काचेकडं पाठ करून उभं केलं आणि स्वतः काचेकडं तोंड करून राहिली. बाहेर लालबी नेहमीसारख्या बसल्या होत्या. त्यांची नजर काचेवर होती.

चंदना साध्या आवाजात म्हणाली, "सर, पिंप गळतंय. पाणी चाचींच्या पिशवीखाली गेलंय. आतलं सगळं भिजणार."

बाहेर लालबींनी झटक्यात वाकून पिशवी उचलली आणि छातीशी धरली. मग फरशीकडं पाहिलं. फरशी कोरडी होती.

त्यांनी मान वर केली. काचेतून चंदना त्यांच्याकडंच बघत होती. दोघींनाही काही बोलायची गरज उरली नाही.

चंदना बाहेर आली. सकाळी दहा वेळा घोकलेलं वाक्य तिच्या ओठांवर होतं, पण ते काही बाहेर येईना.

"चाची," ती म्हणाली, "पिशवी उघडता का जरा?"

लालबींनी डब्याखालून पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. मुबशिराच्या हातातलं टोपण खाली पडलं.

"पण यांना आकडा कळला कसा?" सर अजून पूर्णिमाकडंच बघत होते.

"तुम्ही सांगितलात की. या काचेतून." चंदना वही उघडून म्हणाली, "मागाच्या शेडमध्ये कानाशी ओरडलं तरी ऐकू येत न्हाई. तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. या पोरीनं ते लिहिलंवतं, तुम्ही ते खोडलं. मी खाली बघून विचारलं की चाची गप्प, वर बघितलं की उत्तर. कानांनी साथ सोडलीया, ओठांवर काम चाललंय. आणि आकडे तर शेडमध्ये दिवसभर असेच चालतात, किती मीटर, कितवा माग."

"आकडा तर पयला कळतो," लालबी म्हणाल्या.

"तुम्ही तो इंग्रजीत सांगितला असता सर, तर पासपोर्ट जागेवर असता. पूर्णिमा खाली गेली, ऋतुराज पाणी पिऊन आला, तुम्ही फळ्यावर लिहीत होतात, आम्ही सगळे काचेकडं पाठ करून विनंत्या करत बसलो. चाची आत गेल्या. पुन्हा कुलूप लावलं, कारण त्या चोर नव्हत्या. आणि आम्ही अकरा जणांच्या पिशव्या उपसल्या. आईची पिशवी कोण बघतंय?"

"अम्मी," मुबशिरा म्हणाली, "नको होतं तर 'जाऊ नको' म्हणायचं."

"तू रोज पाठ करत बसायचीस. माझं तोंड उघडलं न्हाई." लालबी लेकीच्या ओठांकडं बघत बोलत होत्या. "घरात तू फाईल उशाला घिऊन झोपतीस. आज पयल्यांदा दुसऱ्याच्या हातात दिलीस. उद्याचा दिस गेला की परत ठेवनार हुते."

"का पण?"

लालबी बोलल्या त्या अगदी सपाट आवाजात, बाजारात काय काय आणलं ते सांगावं तशा.

"उजैरचं सांगाय फोन आलता तवा तू डुटीवर हुतीस. तिकडचा सायेब हुता. फोन कानाला दाबून धरला. इंग्रजीत बोलत हुता. लई गोड बोलत हुता, पोरी. 'प्लीज' म्हनायचा, 'म्याडम' म्हनायचा. इतकं हळू बोलतोय म्हंजे चांगलंच असनार, असं वाटलं. मी सारखं 'येस, येस, थँक्यू' म्हनत हुते. फोन ठिवला आनि शेजारी सांगितलं, पोराला बढती मिळाली. साखर वाटली म्या."

मुबशिरा जागेवरून उठली.

"फोनात ओठ दिसत न्हाईत," लालबी म्हणाल्या. "तुझा बी असाच फोन आला तर?"

मुबशिरानं ही गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली होती. ती आईसमोर खाली फरशीवर बसली. तिला आता रडू आलं, आणि ते तिनं आवरलं नाही.

"मी रोज व्हिडिओ कॉल करीन," ती शेवटी म्हणाली, पण तोंडानं आवाज न काढता. शेडमधल्या बायका बोलतात तसं. बाकीच्यांना काही कळलं नाही. लालबींना कळलं.

तक्रार कुणी दिली नाही. चंदनानं पूर्णिमाचा हात धरून माफी मागितली. पूर्णिमानं ती लगेच दिली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही. लालबी तिच्यासमोर जाऊन नुसत्या उभ्या राहिल्या, तेव्हा तिनं त्यांना बसायला खुर्ची ओढली. सरांनी मुबशिराची वही घेतली, स्वतःच्या लाल रेघेवर काट मारली आणि खाली सही केली.

पाच वाजता चंदना लालबींबरोबर बसस्टँडवर होती. एसी बस, काचा बंद, इंजिन घरघरत होतं. काचेआडून मुबशिरा काहीतरी म्हणाली. लालबींचे ओठ हलले, आवाज आला नाही. बस निघाली.

"काय म्हणाली?" चंदनानं विचारलं. मग आठवून त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि पुन्हा विचारलं.

"'जाऊ का?' म्हनत हुती."

"मग?"

"'जा' म्हटलं," लालबी म्हणाल्या, आणि पिशवी उचलून कबनूरच्या बसकडं चालू लागल्या.