उलटा बिल्ला

लिओना गेली हे मला गुरुवारी दुपारी कळलं. मी कॉलेजच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत शिडीवर चढून शॉवरचा व्हॉल्व्ह बदलत होतो. तिच्या दवाखान्यातली नर्स मार्ज दारात येऊन उभी राहिली. बाहेर बर्फ पडत होता आणि तिच्या अंगात कोट नव्हता.

"वर्न, आधी खाली उतर," ती म्हणाली.

दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, खुर्चीत बसल्या बसल्या लिओनाचं हृदय थांबलं होतं.

त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त लिहिता येत नाही. ती भेटली कशी, ते मात्र येतं. कारण भेटली ती याच शॉवरखाली, एकतीस वर्षांपूर्वी.

अंगावर अ‍ॅसिड सांडलं तर साखळी ओढून खाली उभं राहायचं, असा तो शॉवर. अधूनमधून तपासावा लागतो. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, कॉलेजचा प्लंबर. बादली घेऊन खाली उभा होतो, तेवढ्यात एक मुलगी पाठमोरी चालत आली. हातात काचनळ्यांचा ट्रे, खांद्यावर दप्तर. दप्तराचा पट्टा साखळीत अडकला आणि…

"बंद कर ना!" ती ओरडली.

"सुरू तू केलंस, बंदही तूच कर!"

"तू प्लंबर आहेस!"

"आणि तू कोण? मासा?"

ती हसायला लागली. नखशिखांत भिजलेली, केस गालाला चिकटलेले, पण ट्रे तिने दोन्ही हातांनी उंच धरला होता. एकही नळी फुटली नाही. मी खटका सापडेपर्यंत चाचपडत राहिलो. खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळ.

"या शॉवरखाली मोरी का नाही?" तिने विचारलं.

"अख्ख्या नेब्रास्कात कुणालाच माहीत नाही."

तासभर आम्ही दोघांनी मिळून फरशी पुसली. तिचं नाव लिओना स्वोबोदा. कॉलेजचं तिसरं वर्ष. आमच्याकडे आधी चार वर्षं साधं कॉलेज करायचं आणि मग मेडिकलला अर्ज करायचा. तिला डॉक्टर व्हायचं होतं.

"कुठे शिकणार?"

तिने पूर्वेकडच्या एका मेडिकल कॉलेजचं नाव घेतलं. ते नाव मलाही माहीत होतं, यावरून काय ते समजा.

"इथून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तिचा हात थांबला. "सगळे अगदी असंच विचारतात," ती म्हणाली आणि पुन्हा फरशी पुसू लागली. यावेळी माझ्याकडे पाठ करून.

दुसऱ्या दिवशी मी आईने केलेले दोन कोलाचे घेऊन गेलो. आम्हा चेक लोकांचे खसखस भरलेले गोड पाव. तिचं आडनावही चेक, त्यावरून तिच्याही घरी होत असणार हे ओळखलं होतं.

"ही माफी आहे की लाच?"

"एक माफी."

"आणि दुसरा?"

"दुसरा… पुढच्या चुकीसाठी."

त्यानंतर त्या प्रयोगशाळेतले नळ फार गळू लागले. तिचे प्राध्यापक ब्रँट एकदा चष्म्यावरून बघत म्हणाले, "वर्न, सगळ्या इमारतीत याच खोलीचे नळ बरे बिघडतात. आणि तेसुद्धा मंगळवारी, लिओनाच्या तासालाच!"

ऑक्टोबरमध्ये ती एक पाकीट घेऊन बॉयलरच्या खोलीत आली. शिकागोच्या नावाजलेल्या विद्यापीठात तिची बदली मंजूर झाली होती. जानेवारीपासून.

"वीस वर्षांत आपल्या कॉलेजातून एकही जण त्या मेडिकलला गेलेला नाही," ती म्हणाली. "शिकागोहून दरवर्षी जातात."

"अर्ज किती जणांनी केला होता?"

"म्हणजे?"

"आपल्याकडून. वीस वर्षांत."

तिला माहीत नव्हतं. ती ब्रँटकडे गेली आणि दहा मिनिटांनी धापा टाकत परत आली. "दोघांनी! वर्न, फक्त दोघांनी! बाकीचे घरी बसूनच नापास झाले!"

मग ती उलट्या बादलीवर बसली. "मी काय करू?"

"मला विचारू नकोस. तू जाऊ नयेस असं मला वाटतं, म्हणून माझं मत कामाचं नाही."

"का वाटतं तसं?"

"ते नळ…"

"नळांचं नाव काढलंस तर बघ!"

"बरं," मी म्हणालो. "नळ ठणठणीत आहेत."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी बॉयलरचा काटा बघत होतो. तो काही हलत नव्हता.

ती राहिली. "तुझ्यासाठी नाही हं," तिने मला बजावलं. "ब्रँटसाठी. तिकडे वर्गात चारशे मुलं. माझं शिफारसपत्र लिहिणाऱ्याला माझा चेहराही आठवणार नाही. ब्रँटने मला एक प्रयोग सात वेळा चुकताना पाहिलंय आणि आठव्यांदा बरोबर येतानाही."

"मग मी कोण?"

"तू? तू तो दुसरा कोलाचे."

पुढच्या वर्षी तिला मुलाखतीला बोलावलं. माझ्या पिकअपमधून दोन दिवसांचा रस्ता. मी तिला दारात सोडलं आणि तिथल्या खानावळीत जाऊन बसलो. दुपारी ती आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. मुलाखतीला आलेल्या प्रत्येकाच्या कोटावर एक बिल्ला होता, त्यावर नाव आणि खाली कॉलेज. तिचा बिल्ला उलटा होता. कोरी बाजू बाहेर.

"पडला होता?"

"नाही," ती म्हणाली. "मी उलटा केला."

जेवायच्या टेबलावर प्रत्येकाने आपलं नाव आणि कॉलेज सांगायचं होतं. एकाहून एक मोठी नावं. तिची पाळी आली तेव्हा ती नुसतं 'नेब्रास्का' म्हणाली. कुणीतरी विचारलं, लिंकन शहरातलं मोठं विद्यापीठ का? आणि तिने मान हलवली.

"हो म्हणालीस?"

"म्हणाले नाही. मान हलवली." तिचे डोळे भरून आले. "शेवटची मुलाखत राहिलीय. ती घेणारी बाई त्याच टेबलावर होती, वर्न. तिने पाहिलंय."

"लिओना, त्यांनी तुला बोलावलं ते कागद वाचून ना?"

"हो."

"कागदावर कॉलेजचं नाव आहे ना?"

"आहे."

"मग लपवतेस कुणापासून?"

मी हात पुढे करून बिल्ला सुलटा केला. पहिल्यांदाच तिच्या इतक्या जवळ गेलो होतो. बोटांना गाडीचं ग्रीस होतं, कोटाला लागू नये म्हणून जपून केलं. तिने माझं मनगट धरलं. क्षणभरच… मग सोडलं आणि उठून गेली.

आत काय झालं ते तिने गाडीत सांगितलं. बसण्याआधीच ती म्हणाली होती, "मघाशी मी चुकीची मान हलवली. माझं कॉलेज तुम्हाला माहीत नसेल. तिथल्या शॉवरखाली मोरीसुद्धा नाही." बाईंनी विचारलं, मग पाणी कुठे जातं? आणि लिओनाने फरशी पुसण्यापासून सात वेळा चुकलेल्या प्रयोगापर्यंत सगळं सांगितलं. वीस मिनिटांची मुलाखत पन्नास मिनिटं चालली.

"घेतील?" मी विचारलं.

"माहीत नाही." तिने बिल्ला काढून आरशाला अडकवला. "पण माझं एक ठरलंय. घेतलं तरी आणि नाही घेतलं तरी, मी तुझ्याशी लग्न करणार आहे."

"मला विचारणार नाहीस?"

"तुला विचारून काय उपयोग? तुझं मत कामाचं नसतं."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

मार्चमध्ये पत्र आलं. घेतलं होतं. मी त्या शहरात इस्पितळाचे पाइप जोडले, तिने माणसं जोडली. शिक्षण संपल्यावर काही वर्षं ती तिथेच निवड समितीवर बसली आणि मग आम्ही गावी परतलो. लोक तिला विचारायचे, कॉलेजच्या नावाने फरक पडतो का? ती खोटं बोलायची नाही. म्हणायची, "थोडा पडतो. मोठं नाव दिसलं की फाइल उघडणारा हात जरा लवकर पुढे येतो. पण उघडल्यावर आत माणूस लागतो. आणि अर्जच केला नाही तर फाइलच नसते." मी तिच्या बाजूला उभा राहून मान हलवायचो. बरोबर ठिकाणी.

बिल्ला अजून पिकअपच्या आरशाला आहे. अक्षरं उडालीत, पण सुलटा आहे.

शॉवरचा व्हॉल्व्ह मी सोमवारी बसवला. साखळी ओढून पाहिली, पाणी व्यवस्थित आलं. मग एकट्यानेच फरशी पुसली.

लिओनाच्या टेबलावर आमच्याच कॉलेजातल्या केंड्रा नावाच्या मुलीचं पत्र आहे. मोठ्या विद्यापीठात बदली मिळते आहे, मेडिकलसाठी जाऊ की राहू, असं तिने विचारलंय. पंधरा तारखेपर्यंत तिला त्या विद्यापीठाला कळवायचं आहे. लिओनाने एक कागद घेऊन सुरुवात केली होती. "प्रिय केंड्रा, आधी हे विचारून ये, की अर्ज किती जणांनी…"

आज बारा तारीख. केंड्राला उत्तर अजून गेलेलं नाही. तो अर्धा कागद आता माझ्यापुढे आहे.